मेलेल्या झाडांची वही कुणाकडे ठेवायची?

सोलापुरातल्या आपल्या बागप्रेमी मंडळाच्या सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मिळाली. जमाखर्च, हिशेबतपासनिसांची नेमणूक, आयत्या वेळचे विषय, सगळं नेहमीचंच. सहाव्या क्रमांकाचा विषय मात्र मी तीनदा वाचला : ‘मंडळ विसर्जित करण्याबाबत विचार करणे.’ खाली कारणंही दिली आहेत. सभांना आठ-दहाच माणसं येतात, हॉलचं भाडं परवडत नाही, आणि ‘झाडांविषयीची सर्व माहिती आता इंटरनेटवर सहज उपलब्ध आहे.’

हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे. भाड्यावर तोडगा निघेल. माणसं का येत नाहीत, त्यावरही पुढे बोलणार आहे. पण ते तिसरं कारण खरं मानून आपण मतदान केलं, तर फार मोठी चूक होईल असं मला मनापासून वाटतं. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण या शहरात गच्चीवर, जिन्यात, पत्र्याच्या डब्यांत झाडं लावणारी असंख्य घरं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आपलं मंडळ आहे हेच माहीत नाही. त्यांनीही वाचावं.

आधी एक कबूल करते. इंटरनेटनं मला पुष्कळ दिलं आहे. माझ्या अडेनियमचा बुंधा एका रात्री मऊ लागला. अकरा वाजता मी कुणाचं दार वाजवणार होते? थायलंडमधल्या एका बागायतदाराचा व्हिडिओ बघितला, सडका भाग कापून काढला, जखम आठवडाभर सावलीत सुकू दिली आणि झाड वाचलं. पानाच्या बेचक्यात दिसणारा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, हे फोटोवरून क्षणात सांगणारी ॲप्स आहेत. पूर्वी याच गोष्टीसाठी मी पान पिशवीत घालून महिनाभर सभेची वाट बघितली असती, आणि तोवर झाड गेलं असतं. तेव्हा फोन बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण शेवंतीची गोष्ट ऐका.

तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगणातल्या शेवंतीला कळ्याच धरेनात. दिवाळी गेली, मार्गशीर्षातले गुरुवार आले, लक्ष्मी मंडईत शेवंतीचे ढीग लागले आणि माझ्या चौदा कुंड्यांत नुसता पाला. हिरवागार, तजेलदार पाला. मी फोटो काढून ठिकठिकाणी विचारलं. पोटॅश द्या. केळीच्या सालीचं पाणी घाला. शेंडे खुडा. ऊन कमी पडतंय. नत्र जास्त झालंय. जे जे सांगितलं ते ते केलं. काही उपयोग झाला नाही.

आपल्या मंडळात तेव्हा पूर्व भागातले एक काका यायचे. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, घर एका खोलीचं, आणि घरासमोर दोन फूट जागेत शेवंती अशी की येणारा-जाणारा थांबायचा. सभेत त्यांना सांगितलं. त्यांनी खतांचं काहीच विचारलं नाही. ‘रात्री येतो,’ म्हणाले. मला वाटलं, दिवसा सवड नसेल. साडेआठला सायकलवरून आले, कुंड्यांपाशी उभे राहिले, खिशातून घडी केलेला पेपर काढला आणि चष्मा न बदलता मथळा वाचून दाखवला. मग म्हणाले, ‘ताई, मला इथं पेपर वाचता येतोय. शेवंतीला रात्र झाल्याचं कळायचं कसं?’

फाटकासमोर नवा दिवा लागला होता, पांढऱ्या उजेडाचा. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधाराची रात्र लागते. दिवस लहान होत जातात तशी ती फुलाकडे वळते, आणि रात्रीत उजेड घुसला की तिला अजून उन्हाळाच वाटत राहतो. व्यावसायिक शेतकरी हेच उलट वापरतात, दिवे लावून फुलं लांबवतात. हे सगळं इंटरनेटवर आहे, मी नंतर वाचलं. पण ते शोधायला आधी ‘दिवा’ हा शब्द सुचायला हवा होता. मला तो सुचला नाही, कारण फोटो मी दिवसा काढत होते. उत्तर देणाऱ्या सगळ्या भल्या माणसांनीही दिवसाच बघितलं.

कुंड्या घरामागे अंधारात नेल्या. महाशिवरात्रीला पहिलं फूल उमललं.

आता वहीकडे येते. मंडळाच्या कपाटात लाल पुठ्ठ्याची जाड हिशेबाची वही आहे, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. नव्यांपैकी कितीजणांनी ती उघडली, मला शंका आहे. तिच्यात हिशेब नाहीत, मेलेल्या झाडांच्या नोंदी आहेत. आपल्या एका माजी चिटणिसांनी ती सुरू केली. ज्याचं झाड मेलं त्यानं सभेला येऊन लिहायचं : कुठलं झाड, कुठून आणलं, कुठल्या मातीत, कुठलं पाणी, कुठल्या दिशेला ठेवलं होतं, कधी गेलं आणि त्याआधीच्या महिन्यात आपण काय काय केलं. पहिल्याच पानावर नियम आहे : ‘लाज वाटली तरी खरं लिहावे.’

मला या वहीपेक्षा मौल्यवान असं मंडळाकडे काही दिसत नाही. महाबळेश्वरहून हौसेनं आणलेली हायड्रेंजिया एप्रिलात गेल्याच्या नोंदी निरनिराळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आहेत. लॅव्हेंडरच्या आहेत. नुसत्या काळ्या मातीत भरलेल्या कुंड्यांच्या तर किती. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. रानात तिला पसरायला जागा असते. कुंडीत ती मुळांचा गळा आवळते. म्हणून आपल्याकडचे जाणते एक पाटी काळी माती, एक पाटी चाळलेला मुरूम आणि एक पाटी कुजलेलं शेणखत असं भरतात. हे मिश्रण कुणी पुस्तकातून काढलेलं नाही. वहीतल्या दहा-बारा पानांवरच्या मेलेल्या झाडांनी ते शिकवलं आहे.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. मग झाडांना बोअरचं. बोअरच्या पाण्यात क्षार, कुंडीच्या काठावर पांढरा थर, आणि काही महिन्यांत गुलाबाची, मोगऱ्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. मातीत लोह असतं, पण अशा चुनखडीच्या, विम्ल (आम्लाच्या उलट गुणाच्या) मातीत मुळांना ते उचलता येत नाही. वहीत या एका लक्षणाची नोंद वर्षानुवर्षं येत राहते, आणि एका पावसाळ्यानंतर तिच्यापुढे कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं आहे : ‘पन्हाळीचं पाणी पिंपात साठवून दिले, पाने सुधारली.’ एवढंच. त्या एका ओळीनं माझे मोगरे वाचले.

व्हिडिओतलं झाड कायम फुललेलं असतं. पुढच्या मे महिन्यात ते जिवंत होतं का, हे कुणी दाखवत नाही, आणि त्यात त्या माणसाचा काही दोषही नाही. मेलेलं झाड बघायला कोण थांबेल? पण शिकायचं असतं ते बहुतेक त्या मेलेल्या झाडापाशीच.

मोबाईलवर सल्ला देणारा खोटं बोलत नाही. तो त्याच्या गावचं खरं सांगतो. युरोपातला माळी सांगतो, झाड दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, उत्तरेला ऊन येत नाही. तिथं ते बरोबरच आहे. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. १२ मेच्या सुमाराला दुपारी सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या गॅलरीत सावली असते म्हणून ठेवलेली नाजूक पानांची झाडं मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हानं करपतात. वहीत अशा नोंदी आहेत, आणि लिहिणाऱ्याला कारण कळलेलं नाही. पुढच्या सभेत शाळेत भूगोल शिकवलेल्या एका सभासदांनी फळ्यावर सूर्य काढून ते समजावून दिलं. त्या दिवशी मी घरी येऊन माझी फर्न हलवली.

गुलाबाचं बघा. थंड देशात छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हिवाळा ओसरताना. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, कारण आपला फुलांचा मोसम थंडीचा. मार्चमध्ये करकचून छाटलेला गुलाब कोवळी फूट घेऊन ४२-४३ अंशांच्या तोंडी जातो. आणि पावसाचं? सगळीकडून सांगतात, जूनमध्ये रोपं लावा. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटर, आणि त्यातला भरवशाचा महिना बहुतेकदा सप्टेंबर. जूनच्या पहिल्या सरीवर भुलून लावलेली रोपं जुलैच्या वाऱ्यात सुकून जातात. जुनी माणसं म्हणतात, रोप जूनला लावलंस तर जुलैत घागर घेऊन उभी राहा, नाहीतर थांब. हे सोलापूरच्या माणसाशिवाय तुम्हाला कोण सांगणार?

आणि नावं. आपल्या शहरात एकाच फुलाला तीन भाषांत हाका मारतात, ही आपली श्रीमंती आहे, आणि गोंधळाचं मूळही. एका सभेत आपल्या तेलुगू बोलणाऱ्या अक्का म्हणाल्या, आमच्याकडे पाच रंगांची मंदारम् आहे, फांद्या आणते. आम्ही मराठी बोलणाऱ्यांनी माना हलवल्या, पण मनात चक्रावलो. आपल्याला मंदार म्हणजे रुई, गणपतीला वाहायची पांढरी. तिचे पाच रंग कुठून यायचे? पुढच्या महिन्यात अक्का आल्या त्या जास्वंदीच्या फांद्या घेऊन. तेलुगूत जास्वंदीला मंदारम् म्हणतात. शेजारी बसलेले मास्तर म्हणाले, आमच्या कन्नडमध्ये हिला दासवाळ. तेवढ्यात कुणीतरी अबोलीचा गजरा दाखवला, तर अक्का म्हणाल्या, ही आमची कनकांबरम्. सभा अर्धा तास लांबली आणि कुणाला घरी जायची घाई नव्हती.

हा नुसता गमतीचा भाग समजू नका. जास्वंदीची फुलं लोक तेलात उकळून केसांना लावतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. फोनवर ‘मंदार’ लिहून कुणी औषध शोधलं आणि भाषा चुकली, तर हातात भलतंच झाड येईल. नाव पक्कं करायला पान हातात घ्यावं लागतं, चुरगाळून वास घ्यावा लागतो, देठ मोडून चीक येतो का बघावं लागतं. ते आपण सभेत टेबलाभोवती उभं राहून करत आलो.

इंटरनेटवर जी नावं आपण इतक्या विश्वासानं वाचतो, ती तरी कुठून आली? माणसांनी लावलेल्या वाणांना नावं कशी द्यायची याची आंतरराष्ट्रीय नियमावली पहिल्यांदा १९५३ साली छापली गेली, आणि त्या नावांची नोंद ठेवायचं काम बरंचसं मंडळांनीच उचललं. गुलाबांची नोंद अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते. ऑर्किडच्या संकरांची लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. देवळासमोर उभा असतो तो आपला देवचाफा मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या वाणांची नोंद अमेरिकेतली प्लुमेरिया सोसायटी करते, तीही हौशी लोकांचीच. बोगनवेलीची जबाबदारी तर आपल्या देशात, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी असे दोन्ही गुच्छ देणारी बोगनवेल बघून आपण ‘मेरी पामर’ म्हणतो आणि पान चट्ट्यापट्ट्याचं असेल तर ‘थिम्मा’. हा फरक कुणीतरी बसून, रोपं शेजारी ठेवून लिहून ठेवला म्हणून आज फोनवर दिसतो. मंडळं मिटली की फोनवर जुनंच फिरत राहील. नवं लिहिणारं कुणी उरणार नाही.

माहिती लांबून येते आहे, हे काही आज पहिल्यांदा घडत नाही. ७ मार्च १८०४ रोजी लंडनमधल्या पिकॅडिलीच्या एका पुस्तकाच्या दुकानात सात माणसं जमली आणि पुढे रॉयल झालेली ती हॉर्टिकल्चरल सोसायटी सुरू झाली. जगभरातून जहाजांनी झाडं येत होती. आणलेलं इथं जगतं का, कसं जगतं, हे एकमेकांना सांगायला ती माणसं एकत्र आली. १८२० साली कोलकात्यात विल्यम केरी यांनी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी काढली. हे केरी म्हणजे ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तेच. भाषेचे शब्द गोळा करणाऱ्या माणसाला झाडांसाठीही मंडळ काढावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुण्याची एम्प्रेस गार्डन ही बाग आजही अशाच एका सोसायटीच्या हाती आहे, आणि जानेवारीतलं तिथलं फुलांचं प्रदर्शन बघायला आपल्यातले कितीतरी सभासद पहाटेची गाडी पकडून गेलेले आहेत.

रोपाचं येणं-जाणं हा वेगळाच विषय. माझी भाची अकरा वर्षांची असताना तिनं खाऊच्या पैशांतून निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन मागवलं. उगवलं साधं तण. पोर रडली. निसर्गात निळा गुलाब नाही आणि गुलाबाचे वाण बियांपासून तसेच्या तसे येतही नाहीत, हे तिला कोण सांगणार? तिला सभेला घेऊन आले. आपल्या एका सभासदांनी तिच्या हातात धारदार चाकू दिला, तिची बोटं धरून खुंटावर डोळा भरायला, म्हणजे दुसऱ्या गुलाबाचा कोंब सालीत बसवायला, शिकवलं. वीस-बावीस दिवसांनी तो डोळा फुटला तेव्हा तिनं मला शाळेतून आल्या आल्या फोन केला. आज तिच्या कुंडीत एका खुंटावर दोन रंग आहेत.

शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल पानांची वनस्पती आहे. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल यांनी तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून फ्रेरिया हे नाव दिलं. आपल्या महाराष्ट्राबाहेर ती रानात सापडत नाही, आणि इथंही फार थोड्या जागी. पण फांदी लावली तर ती कुंडीत सहज जगते. एकाकडे असली तर दहा जणांकडे होऊ शकते, आणि कुणालाही कड्यावर हात घालायची गरज उरत नाही. उलट, ऑनलाइन फोटो बघून मागवलेली दुर्मीळ वनस्पती कुणाच्या कुंडीतून आली की डोंगरावरून उपटून, हे कळायला काही मार्ग नसतो. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाची चिमुकली रोपं अलीकडच्या वर्षांत अशीच उपटून नेली गेली, कारण लांबच्या देशांत त्यांचे फोटो आवडले. मंडळात मात्र ‘ही फांदी कुणाकडची?’ असं विचारता येतं आणि उत्तर द्यायला तो माणूस समोर असतो.

काका गेले, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडे एक शेवंती होती, बारीक पांढरी, मधे पिवळा ठिपका, आईकडून आलेली. बाजारात ती मिळत नाही, कारण तोडल्यावर टिकत नाही. त्यांच्या आजारपणात घरच्यांना पाणी घालायचं भान राहिलं नाही आणि त्या उन्हाळ्यात सगळ्या कुंड्या वाळल्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, मामंजींची एक तरी कुंडी राहायला हवी होती. ती चार घरांत होती. दरवर्षी ते मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिल्लं, वाटायचे म्हणून होती. माझ्याकडे, अक्कांकडे, विजापूर रोडला एका घरी आणि होटगी रोडला एका घरी. आम्ही चौघींनी एकेक कुंडी त्यांच्या दारात परत नेऊन ठेवली. ही गोष्ट मी सहाव्या विषयाला उत्तर म्हणूनच लिहिते आहे. त्या शेवंतीला नाव नाही. फोनवर ती शोधायला गेलात तर काहीही सापडणार नाही.

आता आपल्या चुका. माणसं का येत नाहीत? दीड तासाच्या सभेत तासभर आपण सत्कार करतो. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आभार. मागच्या वर्षी एक तरुण आला होता, फोनला जोडायचं मातीचा ओलावा मोजणारं यंत्र घेऊन. त्याला बोलायला मिळालं शेवटची चार मिनिटं, आणि त्यातही कुणीतरी म्हटलं की बोट घालून कळतं, यंत्र कशाला. तो परत आला नाही. त्याच्या यंत्रानं आणि आपल्या बोटानं एकत्र एक उन्हाळा मोजला असता, तर वहीत केवढी भर पडली असती. त्याचं न येणं ही इंटरनेटची चूक नाही. आपण त्याला परत यावंसं वाटेल असं वागलो नाही.

म्हणून मी असं सुचवते. हॉल सोडून द्या. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता कुणाच्या तरी अंगणात किंवा गच्चीवर जमू, उन्हाळ्यात साडेसहाला. चहाच्या पलीकडे काही करायचं नाही, हे ठरवूनच टाकू. सत्कार बंद. सभेची सुरुवात वहीनं, म्हणजे गेल्या महिन्यात काय मेलं ते सांगून. वही स्कॅन करून फोनवर सगळ्यांना मिळेल असं करू या, ते काम मी घेते, भाची मदत करेल. फोनवरचा ग्रुप चालू राहू दे, तो निरोपांना फार उपयोगी आहे. ज्या घरी ब्रह्मकमळ उमलायचं असेल त्यांनी त्या रात्री ग्रुपवर दोन शब्द टाकायचे : ‘आज या.’ (आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं, हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं, हे सांगायला मास्तर असतीलच.) केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दाराशी आहे, आणि आपण एकदाही परवानगी काढून तिथं गेलेलो नाही. गच्चीवर डाळिंब लावून तेल्या रोगानं फळं गमावलेल्या आपल्या सभासदांनी तिथल्या शास्त्रज्ञांना समोरासमोर विचारावं. पाऊस झाला की एखाद्या माळरानावर जाऊन कुसळीच्या गवतातली माकडशिंगी बघू. उपटायची नाही, बघायची.

मतदानाआधी कायद्याचंही लक्षात घ्या. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला सात माणसं पुरतात, पण विसर्जित करायला किमान तीन पंचमांश सभासदांचं मत लागतं. म्हणजे जे सभेला येत नाहीत त्यांनीही यावं लागेल; बंद करायचं असलं तरी यावंच लागेल. आणि शिल्लक रक्कम आपापसांत वाटून घेता येत नाही. ती अशाच दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. पैसे देता येतील. कपाट, झाऱ्या, कात्र्या, प्रदर्शनाच्या लोखंडी मांडण्या, सगळं देता येईल. वही कुणाला द्यायची? दुसऱ्या गावच्या मंडळाला आपल्या बोअरच्या पाण्याचं आणि आपल्या जुलैच्या वाऱ्याचं काय? आणि तिच्यात पुढची ओळ कोण लिहिणार?

तुमच्यापैकी काहींना माझं म्हणणं पटणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी सभेत जरूर बोलावं. फक्त बोलायच्या आधी दहा मिनिटं लवकर येऊन ती वही चाळावी, एवढी विनंती आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, मी अर्धा तास आधी दार उघडून बसेन.

येताना प्रत्येकानं एक रिकामी कुंडी किंवा निदान ओलं फडकं आणि जुनं वर्तमानपत्र आणा. पहिल्या पावसानंतर मी काकांच्या शेवंतीचे मुनवे वेगळे केले आहेत, बावीस निघाले. अक्का अबोलीची रोपं आणणार आहेत. ज्यांच्या फाटकासमोर दिवा आहे त्यांनी तसं आधी सांगा, त्यांना मी अबोली देईन.

आपली,
मंडळाची एक सभासद
जुळे सोलापूर